दंड लावला आणि गाड्या वाढल्या: एका गृहसंकुलातील अंतर्गत रस्त्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

चार इमारती, 186 सदनिका आणि चारही इमारतींना वळसा घालून जाणारा एक अंतर्गत रस्ता, असे हे गृहसंकुल. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तळघर आणि मोकळी जागा मिळून पार्किंगच्या आखलेल्या जागा 140. म्हणजे 46 सदनिकांना जागाच नाही, आणि काही घरांत दोन गाड्या.

अंतर्गत रस्ता 6 मीटर रुंद. संकुलाच्या उपविधींत पहिल्या दिवसापासून एक वाक्य होते: अंतर्गत रस्त्यावर वाहन उभे करू नये. ते कोणी पाळत नव्हते. रात्री दोनच्या फेरीत सुरक्षारक्षकाने गाड्या मोजल्या, तर सरासरी 28 गाड्या रस्त्यावर उभ्या असत. याबद्दल कोणाला दोषी वाटत नव्हते आणि कोणी कोणाला टोकतही नव्हते.

या शेवटच्या गोष्टीला फार महत्त्व आहे. कायद्याचे इंग्रज तत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी 1961 मध्ये सवय आणि नियम यांतला फरक नेमका इथेच दाखवला. सगळे जण रोज संध्याकाळी फिरायला जातात ही सवय झाली. एखादा गेला नाही तर त्याला कोणी जाब विचारत नाही. नियम मोडला की मात्र टोकले जाते, आणि ज्याला टोकले त्यालाही ते टोकणे रास्त वाटते. या कसोटीवर उपविधीतले ते वाक्य कागदावर नियम होते, पण संकुलाच्या रोजच्या जगण्यात नियम नव्हते.

प्रश्न

अग्निशमन दलाचा बंब साधारण 2.5 मीटर रुंद असतो, आरसे धरून त्याहून जास्त. गाडीची रुंदी 1.8 मीटर धरली, तर दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहिल्यावर 6 मीटरच्या रस्त्यात 2.4 मीटर उरतात. बंब जाणार नाही. सरळ भागात एकाच बाजूला गाड्या असतील तर 4.2 मीटर उरतात आणि बंब निघून जातो. कोपऱ्यावर मात्र वाट अडवायला एकच गाडीही पुरते, कारण लांब वाहनाला वळताना बाहेरच्या बाजूला जास्त जागा लागते. शिडीचे वाहन असेल तर ते उभे राहिल्यावर त्याचे आधाराचे पाय दोन्ही बाजूंना पसरावे लागतात, आणि त्याला आणखी रुंदी लागते.

एका रात्री रुग्णवाहिका दुसऱ्या कोपऱ्यावर अडली. स्ट्रेचर सुमारे 90 मीटर ढकलत न्यावे लागले. रुग्ण बचावला. दुसऱ्या दिवशी कार्यकारी समितीची तातडीची बैठक झाली.

पहिला निर्णय: दंड

समितीने त्याच बैठकीत ठरवले की अंतर्गत रस्त्यावर रात्री 'अकारण' उभ्या असलेल्या गाडीला प्रत्येक रात्रीचा ठरावीक दंड लावायचा आणि तो मासिक देखभाल बिलात जोडायचा. नोंद सुरक्षारक्षकाने वहीत करायची. सूचना महिन्याच्या 12 तारखेला फलकावर लागली. बिलात मात्र 1 तारखेपासूनचे दंड आले.

पहिल्या दोन आठवड्यांत गाड्या 28 वरून 19 वर आल्या आणि समितीला समाधान वाटले. सहाव्या आठवड्यात आकडा 27 झाला. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस तो 38 होता, म्हणजे दंड नव्हता तेव्हापेक्षा दहा जास्त.

दंडाने काय केले

नोंदवही आणि बिले शेजारी ठेवून पाहिल्यावर कारण दिसले. रात्री एकच रक्षक फेरी मारत असे, आणि फाटकावर काम असले की फेरी हुकायची. परिणामी रोज रस्त्यावर असणाऱ्या गाडीचीही महिन्याला सरासरी दहा रात्रींचीच नोंद होई. बाहेरच्या सशुल्क वाहनतळाचे महिन्याचे भाडे अशा सुमारे 22 दंडांएवढे होते. जे आपली दुसरी गाडी आजवर त्या वाहनतळावर ठेवत होते, त्यांनी हिशेब केला आणि गाड्या आत आणल्या. दंड भरून आत ठेवणे निम्म्याहून कमी खर्चाचे होते.

शिक्षेच्या कठोरतेपेक्षा ती चुकणार नाही ही खात्री माणसाला जास्त आवरते, हे इटालियन विचारवंत सेझारे बेकारिया यांनी 1764 मध्येच लिहून ठेवले होते. इथे दंड दररोज लागला असता तर तो भाड्याहून महाग पडला असता. तीनपैकी दोन रात्री तो लागतच नव्हता.

तरीही हे प्रकरण निव्वळ हिशेबाचे नाही. त्याची खरी कलाटणी कार्यालयाच्या खिडकीवर झाली. एका रहिवाशाने विचारले, "दर महिन्याला बिलात धरण्यापेक्षा मी सहा महिन्यांचा दंड एकदम भरू का?" कारकुनाने पैसे घेतले आणि पावतीवर लिहिले: 'पार्किंग दंड, मासिक, आगाऊ'. त्या आठवड्यात आणखी चौघांनी तशाच पावत्या मागितल्या.

त्या पावतीवर नियमाचा अर्थ बदललेला दिसतो. दंड आगाऊ भरता येत नाही; आगाऊ भरता येते ते शुल्क. शुल्क म्हणते, 'पैसे भर आणि कर'. दंड म्हणतो, 'करू नको. केलेस तर हे भोग'. दोन्हींत रक्कम एकच असू शकते, पण दंडात त्या कृतीला चूक ठरवलेले असते आणि शुल्कात ती विकलेली असते. कायद्याच्या अभ्यासात किंमत आणि शास्ती यांतला हा भेद रॉबर्ट कूटर यांनी 1984 मध्ये नीट मांडला. 2000 साली अर्थतज्ज्ञ उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातील दहा पाळणाघरांचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातही हेच घडले होते. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दहापैकी सहा पाळणाघरांत दंड लावला, तेव्हा तिथला उशीर सुमारे दुप्पट झाला. पुढे दंड काढला तरी उशीर पूर्वपदावर आला नाही. 'शिक्षिका आपल्यासाठी ताटकळते' याचा संकोच एकदा पैशांनी फेडता येऊ लागला, की दंड काढल्यावरही तो परत येत नाही.

आदेश, धमकी आणि अधिकार

दंडाच्या तिसऱ्या महिन्यात एका रहिवाशाचे दोन ओळींचे पत्र आले: हा दंड कोणत्या कलमाखाली आणि कोणाच्या अधिकारात लावला? समितीला तीन आठवडे उत्तर देता आले नाही. उपविधींनुसार आर्थिक दंड ठरवण्याचा अधिकार फक्त सर्वसाधारण सभेला होता. समितीला 'आवश्यक ती व्यवस्था' करता येत होती, आणि तिने दंडालाही व्यवस्थेतच बसवले होते.

समितीतल्या काहींना हे पत्र अडवणुकीचे वाटले. आमच्या मते ते या प्रकरणातले सर्वांत उपयोगी पत्र होते. इंग्रज कायदेपंडित जॉन ऑस्टिन यांनी 1832 मध्ये कायद्याची व्याख्या केली ती अशी: सार्वभौमाने शिक्षेच्या धाकासह दिलेली आज्ञा. समिती नकळत त्याच समजुतीने वागत होती: आज्ञा दिली, धाक जोडला, झाला नियम. हार्ट यांचा आक्षेप होता की बंदूक रोखणाऱ्या दरोडेखोराच्या हुकमालाही हेच वर्णन लागू पडते. मराठीत हा फरक सहज सांगता येतो. दरोडेखोरापुढे पैसे देणे 'भाग पडते', पण ते देण्याला आपण 'बांधील' नसतो. बांधिलकी येण्यासाठी आज्ञेमागे आणखी एक थर लागतो: नियम कोण करू शकतो, कोणत्या रीतीने, आणि वाद झाला तर निवाडा कोणाचा, हे सांगणारे नियम. ऑस्ट्रियन कायदेपंडित हान्स केल्सन यांच्या मांडणीतही कोणताही नियम वैध ठरतो तो त्याच्या वरच्या नियमामुळे. संकुलातल्या दंडाला वरचा आधारच नव्हता. म्हणून तो थकबाकीत गेला, थकबाकीवर व्याज लागले आणि वाद पार्किंगवरून व्याजावर सरकला.

अमेरिकी कायदेपंडित लॉन फुलर यांनी 1964 मध्ये नियमाला नियमपण देणाऱ्या आठ अटी मांडल्या. त्यांतल्या चार इथे तुटल्या होत्या. सूचना 12 तारखेची आणि दंड 1 तारखेपासूनचा, म्हणजे नियम मागे जाऊन लागू झाला. 'अकारण' म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते; सामान उतरवायला थांबलेल्या गाडीची नोंद होत होती. जागाच नसलेल्या 46 सदनिकांपुरता तो जवळपास अशक्याची मागणी करत होता. चौथी बाब सगळ्यांत बोचरी: वहीत समितीच्या दोन सदस्यांच्या गाड्यांची एकही नोंद नव्हती, आणि त्या गाड्या रोज रात्री रस्त्यावर असतात हे सगळ्यांनी पाहिलेले होते. रक्षकाला कोणी तसे सांगितले नसेलही. पण ज्यांच्या सहीने पगार होतो त्यांची गाडी वहीत लिहायला नोकरीतला माणूस कचरतो. ही अडचण यंत्रणेने ओळखायची असते, रक्षकाच्या धैर्यावर सोडायची नसते.

समोरचे पर्याय

दंड तिप्पट करणे. दहा नोंदी धरल्या तरी 30 मूळ दंडांएवढी रक्कम होई, म्हणजे भाड्याहून जास्त. कागदावर हे चालले असते. प्रत्यक्षात रक्कम वाढली की नोंद न करण्यासाठी रक्षकावरचा दबावही वाढतो आणि प्रत्येक नोंदीवर वाद होतो. शिवाय अधिकाराचा प्रश्न तसाच राहिला असता. अमेरिकी न्यायाधीश ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी 1897 मध्ये म्हटले होते की कायदा समजून घ्यायचा तर वाईट माणसाच्या नजरेने पाहा, ज्याला फक्त परिणामांची फिकीर असते. हा पर्याय सगळ्याच 186 घरांना त्या नजरेने पाहणारा होता.

चाकाला जॅमर. हा पर्याय बैठकीत जोरात मांडला गेला. पण जॅमर लावला की गाडी जिथे नको तिथेच अडकते. बंबाची वाट मोकळी ठेवायची असेल तर याहून उलटे काम नाही.

सरळ शुल्क आकारून परवानगी. हे प्रामाणिक होते आणि याचा गंभीरपणे विचार झाला. जागा कमी आणि मागणी जास्त, एवढाच प्रश्न असता तर तेच योग्य ठरले असते. पण कोपऱ्यावर गाडी ठेवण्याची मुभा कितीही पैसे घेतले तरी विकता येत नाही, कारण आग लागली तर किंमत तिसराच मोजतो.

काहीच न करणे, म्हणजे लोक समजून घेतील अशी आशा. काही नियम खरोखरच स्वतःला पाळून घेतात. स्वीडनमध्ये 1955 च्या सार्वमतात सुमारे 83 टक्के मते उजवीकडून वाहने चालवण्याच्या विरोधात पडली. तरी 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे पाचला देशाने बाजू बदलली आणि लोक उजवीकडून चालवू लागले. समोरून सगळे त्या बाजूने येत असताना नियम मोडण्यात कोणाचाच फायदा नसतो. पार्किंगचे तसे नाही. इथे मोडणाऱ्याला फायदा होतो आणि तोटा सगळ्यांत विभागला जातो. नुसत्या आशेवर असा नियम तगत नाही.

नियम नव्याने करणे. समितीने अखेर हे स्वीकारले, बरेचसे नाइलाजाने. त्या पत्राला उत्तर देण्याचा दुसरा मार्ग उरला नव्हता.

काय केले

पहिले काम फीत घेऊन मोजण्याचे. कार्यालयाच्या कपाटात मंजूर नकाशाची गुंडाळी होती. ती उलगडल्यावर अंतर्गत रस्ता आपत्कालीन वाट म्हणून आडव्या रेषांनी भरलेला दिसला. इमारतींना परवानगी मिळतानाची ती अट होती, पण बहुतेक रहिवाशांनी ती कधी पाहिलीच नव्हती. मोजणीत हेही कळले की रस्ता सगळीकडे सारखा नाही. चार कोपरे, पाण्याचे तीन हायड्रंट आणि इमारतींची चार प्रवेशद्वारे या ठिकाणी एकही गाडी चालणार नव्हती. उलट कुंपणालगत नकाशातल्या वाटेच्या बाहेर 14 गाड्या मावतील असे रुंद पट्टे होते. जुना नियम दोन्हींना एकाच मापाने मोजत होता. रुंद पट्ट्यात गाडी लावून काही बिघडत नाही हे रोज दिसत असल्याने संपूर्ण नियमच फोल वाटू लागला होता.

दुसरे, प्रात्यक्षिक. अग्निशमन दलाला विनंती करून सुट्टीच्या सकाळी एक बंब बोलावला. गाड्या मुद्दाम रात्रीसारख्याच राहू दिल्या. दुसऱ्या कोपऱ्यावर चालकाने तीनदा पुढे-मागे करून पाहिले आणि इंजिन बंद केले. गॅलरीतून पाहणाऱ्यांना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

तिसरे, सर्वसाधारण सभा. मसुदा 21 दिवस आधी प्रत्येक घरी दिला. समितीने सुरुवातीलाच जुने सर्व दंड रद्द करून भरलेली रक्कम परत देण्याचा ठराव मांडला. यावर सर्वांत जास्त भांडण झाले. ज्यांनी कधी गाडी रस्त्यावर लावली नव्हती त्यांना हे बक्षीस वाटले. तरीही तो मंजूर झाला, आणि तो निर्णय बरोबर होता असे आम्हाला वाटते. अधिकाराविना घेतलेली रक्कम हातात ठेवून नव्या नियमासाठी विश्वास मागता आला नसता.

नव्या नियमात लाल पट्टा आणि पांढरी जागा असे दोन भाग केले. लाल पट्ट्यावर कधीच गाडी नाही. सामान किंवा रुग्ण उतरवायला 15 मिनिटे, चालक गाडीजवळ हवा. 14 पांढऱ्या जागा मासिक शुल्कावर, ज्यांना मुळात जागा नाही त्यांच्यात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून. हिशेबात शुल्क आणि दंड यांची खाती वेगळी, पावत्यांचे रंग वेगळे, आणि दंडाची आगाऊ पावती द्यायची नाही असे ठरावातच लिहिले. पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी दंड. आक्षेप असेल तर समितीबाहेरच्या तीन रहिवाशांपुढे म्हणणे मांडायचे आणि सात दिवसांत कारणासह लेखी उत्तर मिळायचे. नोंद रोज रात्री, वेळ दिसेल अशा छायाचित्रासह, आणि ती फलकावर फक्त गाडीच्या क्रमांकाने.

सुनावणीची तरतूद काहींना वेळकाढूपणाची वाटली होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टॉम टायलर यांनी शिकागोत 1,575 लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि 1990 मध्ये मांडले की कायदा पाळण्यात पकडले जाण्याच्या भीतीपेक्षा यंत्रणा न्याय्य वाटण्याचा वाटा मोठा असतो, आणि ती न्याय्य वाटते ती निकालापेक्षा वागणुकीवरून: आपले ऐकून घेतले का, सगळ्यांना एकच माप लावले का. पहिल्या दोन महिन्यांत सात आक्षेप आले. तीन मान्य झाले, चार फेटाळले. फेटाळलेल्या चौघांपैकी तिघांनी दंड भरला.

चौथे, तळघर. 38 गाड्यांचा माग काढल्यावर कळले की 11 गाड्यांच्या मालकांना तळघरात स्वतःच्या जागा आहेत, पण तिथे जुने पलंग, कपाटे आणि खोकी रचलेली आहेत. 30 दिवसांची मुदत देऊन त्या मोकळ्या करून घेतल्या. 14 पांढऱ्या जागांत आणि 11 तळघरात. उरल्या 13, बहुतेक घरातल्या दुसऱ्या गाड्या.

परिणाम

सहा महिन्यांनी लाल पट्ट्यावर बहुतेक रात्री एकही गाडी नसे, कधी एखादी. पांढऱ्या जागांच्या आसपास तीन-चार विनापरवाना गाड्या टिकून राहिल्या. मधल्या काळात सुरक्षा संस्था बदलली आणि तीन आठवडे नोंदी थांबल्या. तेव्हा लाल पट्ट्यावरचा आकडा चारपर्यंत गेला, पण पूर्वीसारखा उसळला नाही. त्या आठवड्यांत रहिवासीच एकमेकांना फोन करत होते.

आमच्या दृष्टीने आकड्यांहून मोलाची खूण त्या फोनमधल्या शब्दांत होती. दंडाच्या काळात म्हणत, "काढा हो, नाहीतर दंड लागेल." आता म्हणू लागले, "तिथे नका लावू, बंब वळत नाही." पहिल्या वाक्यात नियम बाहेरून आलेला धोका आहे; दुसऱ्यात तो बोलणाऱ्याचा स्वतःचा झाला आहे. हार्ट ज्याला नियमाकडे आतून पाहणे म्हणतात ते हेच. सगळ्यांनीच आतून पाहावे लागत नाही. काही जण अजूनही दंडाच्याच भीतीने थांबतात, आणि त्यांच्यासाठी दंड राहायलाच हवा. नाहीतर पाळणारे स्वतःला फसवलेले समजू लागतात.

वेगळे काय करता आले असते

मोजणी आधी व्हायला हवी होती. फीत आणि नकाशा यांना एक दिवस लागला; तो पहिल्या बैठकीआधी दिला असता तर दंडाचे तीन महिने वाचले असते.

रुग्णवाहिका अडल्यावर घाई स्वाभाविक होती. पण तातडीने करायचे काम दंडाचे नव्हते. त्याच रात्री चार कोपऱ्यांवर शंकू उभे करणे समितीच्या 'व्यवस्थे'च्या अधिकारात बसत होते आणि धोक्याचा मोठा भाग त्यानेच टळला असता. नियम बदलायला सभेची वाट पाहता आली असती.

पहिल्या आगाऊ पावतीपाशी थांबायला हवे होते. कारकुनाचा दोष नव्हता; त्याला कोणी सांगितलेच नव्हते की दंड आणि शुल्क एकाच खात्यात जाऊ नयेत. जिथे दंड गोळा होतो तिथल्या माणसाला ही सूचना पहिल्या दिवशी लेखी मिळावी.

दंड रद्द झाल्यापासून नवा नियम लागू होईपर्यंत पाच आठवडे गेले. त्या काळात आकडा 38 वरून 28 वर परतेल असे समितीने गृहीत धरले होते. तो 36 च्या खाली आला नाही. हैफाच्या पाळणाघरांत जे घडले तेच. एखाद्या गोष्टीला दंड लावण्याआधी तो काढावा लागला तर काय, याचा विचार करावा लागतो.

उरलेल्या 13 गाड्यांपैकी आठ बाहेरच्या वाहनतळावर गेल्या. पाच शेजारच्या सार्वजनिक रस्त्यावर उभ्या राहतात आणि तिथल्या रहिवाशांची लेखी तक्रार आली आहे. तिथे संकुलाचा ठराव चालत नाही. तक्रारीला काय उत्तर द्यायचे, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला आहे.